पोहोचण्यापुरतं इंधन

मुहर्रकच्या धावपट्टीपासून दोहा
अठ्ठ्याहत्तर सागरी मैल.
दिवसातून पाच वेळा हा आकडा मी लिहितो,
नमाजाइतक्याच नेमाने,
आणि खरं सांगायचं तर
नमाजापेक्षा जास्त लक्ष देऊन.

हवेतली वेळ सव्वीस मिनिटं.
वारा वायव्येचा असला तर तेवीस.
तेवढ्यात पोरी ज्यूस वाटतात
आणि नळी टोचतोय तोवर
रिकामा खोका मागायला परत येतात.
खिडकीत उथळ हिरवं पाणी, मग वाळू,
कान मोकळे व्हायच्या आत चाकं टेकलेली.

माझ्या कागदावर इंधनाचे रकाने असतात.
पोहोचायला लागतं ते पहिल्या रकान्यात. एवढंसंच.
त्याखाली,
उतरू दिलं नाही तर घिरट्या घालायला,
घिरट्या घालूनही जमलं नाही
तर भलत्याच गावी जायला,
आणि तिथंही रांग असली तर, म्हणून थोडं.
बेरीज दरवेळी तेच सांगते:
पोहोचण्यापेक्षा न पोहोचण्यासाठी
आपण जास्त तेल वाहून नेतो.
नव्या पोरांना हे मी हसत शिकवतो.
मलाही कुणी हसतच शिकवलं होतं.

ताहेरा तिकडे, नजमात राहते.
तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो.
गुरुवारी रात्री तांदूळ भिजवून
शुक्रवारी ती सांदणं करायची,
स्टीलच्या डब्यात फडक्यात गुंडाळून
ओळखीच्या कुणाच्या तरी मांडीवर बसवून द्यायची.
इथे झाकण उघडलं की
आतून थेंब लोंबत असायचे,
तिच्या स्वयंपाकघरातली वाफ,
नुकतीच पाणी झालेली.

मग एका सोमवारी
पडद्यावरची ती रेघ गेली.
आकाश बंद, असं वरून आलं.
मी बाहेर जाऊन बघितलं.
होतं तसंच होतं.
एक कुरव पक्षी तिकडेच चालला होता
कागदपत्रांशिवाय.

आमचा म्हातारा पहारेकरी, बू मतर, म्हणाला,
माझा बाप इशा पढून शीड सोडायचा,
फजरचा वजू पलीकडच्या किनाऱ्यावर.
किती तेल लागायचं? मी विचारलं.
तो खरंच विचारात पडला.
खजूर लागायचे, म्हणाला. मूठभर.

त्या वर्षांत ताहेरा एकदाच आली.
दोहा ते मस्कत,
मस्कतला बाकड्यावर सहा तास,
मस्कत ते मुहर्रक.
सकाळी सातला निघालेली, रात्री नऊला दारात.
सवयीने मी मैल मोजले, आठशेच्या वर भरले.
डबा होताच. सांदणं आंबलेली.
तिने झाकण परत दाबलं, मी पुन्हा काढलं.
उभ्याउभ्याच आम्ही एकेक खाल्लं
साखर लावून,
लहानपणी तापात गोळी गिळायचो तसं,
एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

आता रेघ परत आली आहे.
पहिल्या दिवशी लिहिताना हात जरा अडखळला.
आकडा तोच. अठ्ठ्याहत्तर.
ताहेरा फोनवर म्हणते,
येतेच की रे भाय, पाऊण तासाचं तर आहे.
मीही म्हणतो, हो, पाऊण तासाचं तर आहे.
पाऊण तासाचं आहे म्हणूनच
दीड वर्ष झालं,
ती आलेली नाही, मी गेलेलो नाही.
मस्कतवरून जायचं असतं
तर रजा टाकली असती.

तो डबा माझ्याकडेच राहिला.
रिकामा परत धाडू नये म्हणतात,
आणि काय भरावं ते ठरत नाही.
परवा पाळी संपल्यावर
सामानाच्या काट्यावर ठेवून बघितला.
झाकणासकट
सहाशे चाळीस ग्रॅम.